पाचव्या थाणाचं सरपण

शुक्रवारी सकाळी शलमोन सालोत्री श्रीरामपूरजवळ सूर्यभानअण्णांच्या ओसरीवर जाऊन बसला, तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात तीन पानांचा इंग्रजी कागद होता. तबेला बांधायला किती लागतील आणि तो चालवायला महिन्याला किती लागतील, हे त्यात होतं. अण्णांनी तो कागद दुपारच्या गाडीच्या आत मंजूर केला नाही, तर शनिवारी सकाळी नगरच्या छावणीत रिबका नावाच्या घोडीला गोळी घालणार होते. हे शेवटचं अण्णांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी माणूस खर्चाचा अंदाज घेऊन आला होता, त्याला चहा पाजायचा आणि घासाघीस करायची, एवढंच काम.

सालोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. शलमोननं छावणीच्या घोडपथकात बावीस वर्षं हे काम केलं. लढाई संपली, मोटारी आल्या आणि पथक मोडीत निघालं. तरणी घोडी लिलावात निघणार होती. सोळा वर्षांवरची मात्र विकायची नाहीत, टांगेवाल्यांच्या हाती पडून त्यांचे हाल होतात, त्यापेक्षा एक गोळी बरी, असा साहेबाचा हुकूम होता. हुकूम दुष्टपणाचा नव्हता, आणि त्यामुळेच शलमोनला त्यावर भांडताही येईना. अकरा जनावरांची यादी लागली. नववं नाव रिबकाचं होतं.

तो साहेबापुढे जाऊन उभा राहिला. बावीस वर्षांत त्यानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, म्हणून साहेबानं ऐकून तरी घेतलं. "कुणी जमीनदार तिला नावानिशी घेत असेल, तिला कुठं बांधणार आणि काय खायला घालणार हे लिहून सही करत असेल, तर शनिवारी सातच्या आत कागद आण. मी तिचं नाव खोडतो." आणि वर म्हणाला, "कागद मी वाचणार आहे, सालोत्री. नुसता बघणार नाही."

गुळाच्या पैशावर वर आलेल्या सूर्यभानअण्णांना घोडी हवी होती, हे शलमोनला माहीत होतं. मागच्या आठवड्यात अण्णा लिलावाची घोडी बघायला छावणीत येऊन गेले होते. चार त्यांनीच निवडली. पाचवी म्हणून शलमोननं रिबका दाखवली. "वय काय हिचं?" अण्णांनी विचारलं, आणि शलमोनच्या तोंडून निघून गेलं, "अकरा." ती एकोणीस वर्षांची होती. शलमोन चर्चमध्ये पंच होता. रविवारी देणगीची थैली फिरवणारा माणूस. त्या रात्री त्याला भाकर गेली नाही.

"खोटं बोललात ते बोललात," त्याची बायको सारा म्हणाली होती, "आता ते निभवायचं कसं? तुम्हाला सवय नाही त्याची." तिनं वेडंवाकडं काही बोलून दाखवलं नाही, पण शुक्रवारी पहाटे कोट झटकून देताना तिचा हात खिशातल्या कागदावर जरासा थांबला.

कागदाची मेख अशी होती. तो साहेबासाठी खरा असायला हवा होता. घोडं म्हातारं झालं की दाढा झिजतात, कोरडा हरभरा चावत नाही, ते घास चघळून चघळून गोळे करून टाकतं आणि भरल्या तोबऱ्यापुढे वाळत जातं. रिबकाचं तसंच झालं होतं. तिला चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, शिजवून घालावी लागे. हे कागदात नसतं तर साहेब पहिल्याच नजरेत म्हणाला असता, हा माणूस हिला उपाशी मारणार. म्हणून शलमोननं तिसऱ्या पानावर सरपण लिहिलं, आणि वयही खरं लिहिलं. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाचून दाखवताना तेवढं गाळायचं, असं त्यानं गाडीत दहा वेळा घोकलं होतं.

"वाचा," अण्णा म्हणाले. पन्नाशीचे, दांडग्या हाडाचे, कान मोठे. आत दाराशी त्यांच्या घरच्या रतनबाई सुपात गहू निवडत बसल्या होत्या. त्यांचं लक्ष गव्हात होतं असं दिसत होतं.

शलमोननं बांधकाम वाचलं. पाच थाणं, म्हणजे पाच घोडी बांधायच्या पाच जागा. दगडाच्या भिंती मातीत, वरून सांध्यांना चुन्याच्या दर्जा. पत्र्याला परमिट मिळायचं नाही म्हणून कौलं. जमिनीला फरशी नको, मुरूम ठोकून घ्यायचा, उतार मागे, मूत वाहून जायला नाली. सगळे मिळून दोन हजार तीनशे.

"ते व्हईल," अण्णांनी हात झटकला. "पैका एकदा जातो, त्याचं दुःख एकदाच. महिन्याचं सांगा."

"दाणा दोनशे दहा. कडबा घरचा, तो धरला नाही. घोड्यांची निगा राखायला दोन मोतद्दार, पन्नास. नालबंदी पंधरा. किरकोळ वीस. तबेला बघायला मी राहीन, माझा पगार सत्तर. एकूण तीनशे पासष्ट."

अण्णांनी सुपारी कातरायची थांबवली. "तीनशेच्या वर मी जानार न्हाई. गुळाचा भाव आज हाय, उद्या न्हाई. लढाई संपली, आता कोन इचारतो?" त्यांनी डोळे मिटून मनात काही मांडलं. "पाचवं काढा."

पाचवं थाण काढलं तर काय होणार, हे त्या ओसरीवर शलमोनला एकट्याला माहीत होतं.

"पाच तुम्हीच म्हणाला होता, अण्णा."

"म्हनालो हुतो." अण्णा जरा हसले. "का म्हनालो ते सांगू? मी नऊ वर्साचा आसंल. प्रांतसाहेबाचा मुक्काम पडला हुता, पाच घोडी हुती संगं. एकाचा लगाम माझ्या हातात दिला. सकाळपासनं डोक्यावर ऊन येस्तवर धरून उभा. घोडं लई गरीब, आपलं नाक माझ्या खांद्याला लावतंय. मी मानंवरनं हात फिरवाया गेलो, तर पट्टेवाल्यानं कानफटात दिली. म्हनला, धरायला ठिवलाय, हात लावायला न्हाई." त्यांनी कान चोळला, जणू अजून झोंबत होता. "तवाच ठरिवलं, पाच घोडी बांधीन. पर चारावर बी भागंल. चार काय कमी न्हाईत."

"पाच ठेवू," शलमोन म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच पातळ वाटला. "माझा पगार चाळीस करा."

अण्णांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आयुष्यभर गुळाच्या पेठेत उभा राहिलेला माणूस; समोरचा स्वतःहून तीस रुपये सोडतो तेव्हा त्याला आनंद होत नाही, वास येतो. "तीनशे पस्तीस," ते सावकाश म्हणाले. "अजून पस्तीस जास्तीचं हाय."

"मोतद्दार एकच ठेवू. दुसऱ्याचं काम मी करीन."

"तुमी? शेन-मूत काढनार? ह्या वयात?"

"बावीस वर्षं दुसरं काय केलं, अण्णा?"

दाराआड सुपातले गहू वाजायचे थांबले आणि परत वाजू लागले. आता आकडा तीनशे दहा होता. फक्त दहा उरले होते. दुपारची गाडी दीडला होती, आणि ओसरीवरचं ऊन दुसऱ्या पायरीपर्यंत चढलं होतं. शलमोनला वाटलं, जमलं. आणखी एखादी गोष्ट सोडायची आणि कागद अण्णांपुढे सहीला सरकवायचा.

"किरकोळीत काय काय हाय? वीस रुपये म्हंजी किरकोळ न्हाई. वाचा एक एक."

शलमोननं तिसरं पान वर घेतलं. इथंच त्याचा घात झाला, आणि तो कुणी दुसऱ्यानं केला नाही. पथकात रोज सकाळी साहेबापुढे उभं राहून तबेल्याची यादी वाचायची, ही बावीस वर्षांची रीत. ओळ सोडली तर साहेब दंड करायचा. पाठ ताठ झाली, आवाज सपाट झाला, आणि जीभ आपल्या जुन्या वाटेनं चालू लागली.

"दोर, आगाडी-पिछाडीचे, तीन रुपये. खरारे, ब्रश, दीड. कंदिलाचं तेल, दीड. औषध, मीठ, अळशी, सहा. सरपण, आठ."

शेवटचा शब्द त्यानं स्वतःच ऐकला. ओठ मिटायला फार उशीर झाला होता.

अण्णांच्या काही ध्यानात आलं नव्हतं. ते बोटांवर मोजत होते. बोलल्या त्या रतनबाई. "तबेल्याला सरपन कशाला? घोडी काय भाकरी भाजत्यात व्हय?"

"चंदी शिजवायला, वहिनी."

"पाचीची?"

इथं हो म्हणता आलं असतं. पाचांची शिजवतो, लष्कराची रीतच आहे, म्हटलं असतं तर त्या ओसरीवर कोण खोटं पाडणार होतं? शलमोनचं तोंड उघडलं. साराचा कोटावर थांबलेला हात त्याला आठवला. "एकीचीच," तो म्हणाला.

रतनबाईंनी सूप खाली ठेवलं. "आमच्या पवळ्याला मी दोन वर्सं शिजवून घातलं. बैलाचं दात गेलं की त्याला तेवढंच जातं." मग त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाचवी घोडी म्हातारी हाय, आवं. इचारा त्येस्नी."

अण्णा हळूच वळले. "अकरा म्हनाला हुता ना तुमी?"

"एकोणीस आहे."

मग अण्णा बोलले ते ओरडून नाही, आणि ओरडले असते तर शलमोनला सोपं गेलं असतं. "मला वाटलं हुतं, देवळात उभा ऱ्हानारा मानूस हाय. चार पैसं जास्ती घील, पर खोटं बोलायचा न्हाई. आता ह्या कागदातलं अजून काय काय खोटं हाय, ते बी सांगून टाका."

"कागदात काहीच खोटं नाही. तिचं वयसुद्धा एकोणीसच लिहिलंय. हे बघा, एक आणि नऊ, आकडे तरी ओळखाल. कागद खरा आहे, अण्णा. खोटं मी तोंडानं बोललो." आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं, यादी, नववं नाव, शनिवार सकाळ, साहेबाची अट. दयेची भीक मागतोय असं वाटू नये म्हणून तो भरभर बोलला, आणि शेवटी आवाज फाटलाच.

"उठा," अण्णा म्हणाले. "गाडी चुकंल तुमची."

शलमोन उठला. कागदाची घडी घातली. पायऱ्या उतरला. तिसऱ्या पायरीवर मात्र त्याचं डोकं फिरलं. आतापर्यंत जे सभ्यपणानं गिळलं होतं ते आता गिळून कुणाचंच भलं होणार नव्हतं. तो मागे वळला.

"अण्णा, तुम्ही आयुष्यात कधी घोड्यावर बसलेले नाही."

अण्णांचा चेहरा लाल झाला. आपल्या ओसरीवर, बायकोदेखत, असं त्यांना कुणी बोललं नसेल.

"मागल्या आठवड्यात छावणीत तुम्ही घोड्याजवळ उजव्या अंगानं गेलात. बसणारा माणूस डाव्या अंगानं जातो. मी पाहिलं, पण चारचौघांत बोललो नाही, तुमचा मान राहावा म्हणून. तुम्ही निवडलेली चारही घोडी तरणी आहेत, तापट आहेत. ती तुम्हाला पहिल्या दिवशी पाडतील, आणि ह्या वयात पडलेलं हाड लवकर सांधत नाही. मग ती थाणावर उभी राहतील आणि तुम्ही लांबून बघत बसाल." त्यानं श्वास घेतला. "रिबकावर पथकातली तीनशे पोरं बसायला शिकली. वर बसलेला माणूस घसरायला लागला की ती आपोआप थांबते. तिला कुणी शिकवलं नाही. तीनशेतल्या एकालाही तिनं टाकलं नाही. मी तिचं वय खोटं सांगितलं, त्याची माफी मागतो. पण पाचांत तुमच्या कामाची ती एकटीच होती. हे मी आठवड्यापूर्वी खरं खरं सांगायला हवं होतं. तुमचा मान राखायच्या नादात मी तिचा जीव घालवला."

एवढं बोलून तो फाटकाकडे चालू लागला. त्याला रडू येत होतं आणि रस्त्यावर कुणी बघू नये एवढंच त्याच्या मनात होतं.

"सालोत्री." हाक रतनबाईंची होती. त्या ओसरीच्या कडेला येऊन उभ्या होत्या. "थांबा जरा. त्येस्नी बोलू द्या."

अण्णा जागचे हलले नव्हते. कातरलेली सुपारी तशीच तळहातावर होती. "ती पोरं," ते म्हणाले, "घसरली की खरंच थांबती?"

"खरंच थांबते."

"आना हिकडं तो कागूद. आन पेन्सिल हाय का?" अण्णांनी दुसरं पान पालथं-उलथं केलं. "ह्यात चार घोडी कुटं हायत ते दावा." शलमोननं बोट ठेवलं. अण्णांनी पेन्सिलीनं त्यावर जाड रेघ ओढली. "चारी काढा. चार थानं बी काढा. एकच बांधू, पाचवं. मला बसता आलं की बाकीचं बघू." मग मान वर न करता म्हणाले, "तुमचा पगार चाळीस तुमीच बोलला. त्यात मी बोलायचं न्हाई."

"आन सरपन बी काढा," रतनबाई म्हणाल्या. "माजी चूल पेटती ऱ्हातीच."

शलमोननं सरपणाची ओळ मात्र खोडली नाही. साहेब कागद वाचणार होता. त्यानं आठ रुपये खोडले आणि पुढे इंग्रजीत लिहिलं, घरच्या चुलीवर.

सही साहेबापुढेच करतो म्हणून अण्णाही बरोबर निघाले. दीडची गाडी साडेचारला आली, म्हणून दोघं दिवस मावळल्यावर नगरला पोचले. कचेरी बंद होती. साहेबाच्या बंगल्यावर जाऊन शलमोननं चिठ्ठी टाकली. ती पोचली की नाही हे कुणी सांगितलं नाही. सकाळी सहाला दोघं पथकाच्या फाटकावर उभे होते. गोळ्या चालणार म्हणून त्या सकाळी आत जायला सगळ्यांनाच पास लागत होता, आणि पास देणारा हवालदार आत गेला होता. पहाऱ्यावरचा शिपाई नवा होता, शलमोनला ओळखत नव्हता. मग साडेसहालाच, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी, मागच्या मैदानाकडून पहिली गोळी ऐकू आली.

अण्णा दचकले. शलमोनला हाताला धरायला काही मिळेना म्हणून त्यानं फाटकाचा गज धरला. "एक," तो म्हणाला. उन्हं चढायच्या आत उरकायचं म्हणून लवकर सुरू केलं असावं. दुसरी झाली. अण्णा अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होते. तिसरी. शलमोन शिपायाला इंग्रजीत, हिंदीत, मराठीत सांगत होता आणि शिपाई पुन्हा पुन्हा एकच उत्तर देत होता, हुकूम नाही. चौथी. पाचवी. सहावी झाली तेव्हा हवालदार फाटकाकडे येताना दिसला, अगदी रमतगमत, हातात पासांची वही घेऊन.

पास हातात पडताच शलमोन पळाला. पंचावन्न वर्षांचा माणूस, कोट उडतोय, कागद वर धरलेला. मागे अण्णा धोतर सावरत, धापा टाकत. ते अर्ध्या मैदानात असताना सातवी झाली.

साहेब कडुनिंबाखाली यादी घेऊन उभा होता. त्यानं हात वर करून पलीकडचं काम थांबवलं आणि म्हटल्याप्रमाणे कागद वाचला. तीनही पानं. पेन्सिलीच्या रेघा बघून कपाळाला आठी पडली. चार कापली आणि म्हातारी ठेवली, हे त्यानं दोनदा वाचलं असावं. तिसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं. "घरच्या चुलीवर म्हणजे? हिची चंदी रोज कोण शिजवणार? विचार ह्यांना."

शलमोननं विचारलं. अण्णांना अजून दम लागलेला होता. "मालकीन घालनार हाय म्हनावं. बैलाला घालत हुती. तिला वय म्हाईत हाय."

शलमोननं ते इंग्रजीत सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. साहेबानं पेन काढलं, नववं नाव खोडलं, अण्णांची सही घेतली आणि आठव्या जनावराकडे गेला. आठवी गोळी झाली तेव्हा शलमोननं डोळे मिटून घेतले. ते जनावरही त्याच्याच हातचं होतं.

मोतद्दारानं रिबकाला आणलं. करडी, डोळ्यांवर खळगे पडलेली, खालचा ओठ लोंबणारी. शलमोनचा वास येताच तिनं कान पुढे केले. त्यानं लगाम घेतला आणि अण्णांच्या हातात दिला.

अण्णा डाव्या अंगाला उभे राहिले. तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. पण लगाम त्यांनी हात लांब करून धरला, घोडी आणि आपण यांच्यात हातभर अंतर ठेवून, आणि ते तसेच ताठ उभे राहिले. रिबकानं मान पुढे केली आणि नाक त्यांच्या खांद्याला लावलं. तरी ते हलले नाहीत.

"सालोत्री," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हात लावू का हिला?"

शलमोननं मान डोलावली.